पटलावरचा थर आणि किनाऱ्याचे पाणी
(नॉलेज सिटी, मोहाली येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याच्या प्रयत्नांत मिठाचा प्रश्न गेल्या सहा दशकांत बव्हंशी सुटला आहे. दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी योग्य पटलातून पुरेशा दाबाखाली नेले, तर ९९ टक्क्यांहून अधिक क्षार मागे राहतात, आणि हे रोज कोट्यवधी लिटर पाणी देणाऱ्या केंद्रांमध्ये वर्षानुवर्षे घडते आहे. अनिर्णित राहिला आहे तो प्रश्न वेगळा आहे. मिठाखेरीज समुद्रात जे काही असते, म्हणजे चिकणमातीचे कण, शैवाल, जिवाणू, मृत जीवांपासून सुटलेले सेंद्रिय पदार्थ आणि शहराजवळच्या किनाऱ्यावर माणसाने सोडलेले सांडपाणी, ते सारे पटलावर येऊन बसते, त्याचा थर धरतो आणि पटल चोंदते. या चोंदण्याला तंत्रज्ञ फाउलिंग म्हणतात. फाउलिंगकडे पटलाचा दोष म्हणून पाहिले जाते तोवर त्यावरचे उपाय अपुरे राहतात, कारण तो मुळात किनाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. मुंबईसारखे शहर मनोरीच्या किनाऱ्यावर असे केंद्र उभारायला निघते, तेव्हा हा भेद केवळ अभ्यासकांपुरता उरत नाही.

समुद्रापासून इतक्या दूर, मोहालीच्या सेक्टर ८१ मधील नॉलेज सिटीत हा विषय मांडण्याला कारण आहे. आयसर मोहाली आणि २०१३ मध्ये स्थापन झालेली नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था या शेजारी-शेजारी असलेल्या संस्थांमुळे हे ठिकाण पदार्थविज्ञानाचे केंद्र झाले आहे, आणि नव्या पटलांची जगभरची चर्चा आज मुख्यतः अशाच प्रयोगशाळांतून होते. प्रयोगशाळेतले पटल आणि समुद्रकाठचे पटल यांच्यात जे अंतर पडते, ते समजून घेणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

प्रथम मूळ क्रिया. पाण्याला जाऊ देणारे पण क्षारांना अडवणारे पटल गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मध्ये ठेवले, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे वाहते. याला परासरण म्हणतात, आणि ते थोपवण्यासाठी खाऱ्या बाजूला जितका दाब द्यावा लागतो तो त्या पाण्याचा परासरण दाब. समुद्राच्या पाण्याचा हा दाब सुमारे २७ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट असतो. त्याहून अधिक दाब दिला की प्रवाह उलटतो आणि खाऱ्यातून गोडे पाणी पलीकडे येऊ लागते. हेच व्यस्त परासरण, घरोघरी आरओ या आद्याक्षरांनी परिचित झालेले. मात्र गोडे पाणी निघत जाते तसे मागे उरणारे पाणी अधिकाधिक खारट होते आणि त्याचा परासरण दाबही चढत जातो. त्यामुळे आत घेतलेल्या पाण्यापैकी ४० ते ४५ टक्के गोडे करायचे झाल्यास प्रत्यक्षात ५५ ते ७० बार दाब लावावा लागतो. निम्मे पाणी काढून घेण्यासाठी निसर्गनियमानुसार दर घनमीटरला किमान सुमारे एक युनिट ऊर्जा लागते, तर आजच्या चांगल्या केंद्रांत ती एकूण तीन ते चार युनिट लागते. या फरकाचा बराच भाग पाणी उपसणे, गाळणे आणि पटल स्वच्छ राखणे यांत जातो. पटल चोंदले की तेवढ्याच पाण्यासाठी दाब वाढवावा लागतो, आणि चोंदण्याची किंमत विजेच्या बिलात उतरते.

आजच्या पटलाचा इतिहास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस परिसरात सुरू झाला. तेथे १९६० च्या सुमारास सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असे पटल तयार केले की ज्याचा वरचा अतिशय पातळ थर क्षार अडवतो आणि खालचा सच्छिद्र थर त्याला आधार देतो. क्षार अडवणारी जाडी कमी झाल्यामुळे पाण्याचा वेग प्रथमच व्यवहारात परवडेल इतका झाला, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावाला या पद्धतीचे पाणी मिळू लागले. पुढे १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा थर सच्छिद्र आधारावर जागेवरच घडवण्याची रीत बसवली. हा थर १०० ते २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाच ते दहा हजाराव्या भागाएवढा असतो. क्षार अडवण्यात आणि पाणी सोडण्यात तो जुन्या पटलापेक्षा सरस ठरला. पण या लाभाची एक किंमत होती. सेल्युलोज अ‍ॅसिटेट थोडे क्लोरीन सहन करी, पॉलिअमाइड ते सहन करत नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पृष्ठभाग उंचसखल दिसतो आणि त्या खळग्यांत कण अडकायला जागा मिळते. समुद्रजलाच्या जवळजवळ सर्व केंद्रांनी हेच पटल स्वीकारले, आणि जिवाणू रोखण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार पटलाच्या दारात टाकून देण्याची पाळी त्यांच्यावर आली.

चोंदणे कुठे आणि कसे होते, हे पटलाच्या मांडणीतून उमगते. पटलाची पाने आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकची बारीक जाळी अशी चळत मधल्या नळीभोवती वळकटीसारखी गुंडाळलेली असते. आठ इंच व्यासाच्या आणि चाळीस इंच लांबीच्या एका गुंडाळीत ३७ ते ४१ चौरस मीटर पटल मावते, आणि अशा सहा ते आठ गुंडाळ्या एका दाबनळीत एकापुढे एक बसवतात. जाळीची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणजे खाऱ्या पाण्याला वाहायला तेवढीच फट मिळते. पाणी पटलातून पलीकडे जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे पटलाला लागून असलेल्या पाण्यात मधल्या प्रवाहापेक्षा क्षार दाट होतात. ही दाटी मोडून पाणी ढवळले जावे म्हणून जाळी हवी असते. परंतु तिच्या दोऱ्यांच्या गाठींमागे प्रवाह मंदावतो आणि जिवाणूंची वस्ती बहुधा तेथेच सुरू होते.

क्षारांचे कीट धरते ते मुख्यतः शेवटच्या गुंडाळ्यांत, कारण तेथे पाणी सर्वाधिक खारट झालेले असते आणि कॅल्शियम कार्बोनेटसारखे विरळ विद्राव्य क्षार बाहेर पडू लागतात. समुद्राच्या पाण्यात हा प्रश्न पाण्याची आम्लता सांभाळून आणि कीटरोधक रसायनाची मात्रा देऊन बव्हंशी आटोक्यात राहतो. मातीचे आणि गंजाचे कण पहिल्या गुंडाळीत अडकतात. त्यांना आधीच गाळून काढता येते. या दोहोंवर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. खरी कठीण बाब सजीवांची आहे.

जिवाणूंचा थर कसा जमतो हे पाहिले म्हणजे तो इतका चिवट का असतो ते कळते. स्वच्छ पटल समुद्राच्या पाण्यात बुडाले की अगदी थोड्या वेळात त्यावर विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा एक अदृश्य लेप बसतो. समुद्री शैवालांनी सोडलेले पारदर्शक, चिकट आणि लवचीक कणही त्यात येऊन मिळतात. हे कण दाबले जाऊन गाळण्यांतून निसटतात आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतात. या लेपावर पहिले जिवाणू टेकतात, स्वतःभोवती शर्करांच्या साखळ्या आणि प्रथिने यांचा बुळबुळीत पदार्थ सोडतात आणि त्यात स्वतःला गाडून घेतात. या थराला जैवपटल म्हणतात. त्याचे बहुतेक वजन पाण्याचेच असते, पण ते पाणी स्थिर असते, आणि दुहेरी नुकसान होते ते तेथेच. पटलाने अडवलेले क्षार मूळ प्रवाहात परत जाऊ पाहतात तेव्हा हा थर त्यांना अडवून धरतो. पटलालगतची खारटपणाची दाटी आणखी वाढते, तिच्याबरोबर परासरण दाब वाढतो, गोडे पाणी कमी येते, आणि जे येते त्यातही मीठ अधिक उतरते.

यावर क्लोरीन हा साधा उपाय सुचतो, आणि पुष्कळ केंद्रांनी तो केलाही. समुद्रातून पाणी घेतानाच त्यात क्लोरीन सोडायचे आणि पटलापूर्वी सोडियम मेटाबायसल्फाइट देऊन ते नष्ट करायचे, अशी ही पद्धत होती. अनुभव उलटा आला. क्लोरीनमुळे मोठ्या सेंद्रिय रेणूंचे तुकडे होतात आणि हे लहान तुकडे जिवाणूंना सहज पचतात; क्लोरीन नष्ट झाल्यावर वाचलेल्या मोजक्या जिवाणूंना स्पर्धक उरत नाहीत, आणि पुढ्यात मात्र आयते अन्न असते. त्यामुळे सतत क्लोरीन देणाऱ्या काही केंद्रांत चोंदणे कमी न होता वाढले, आणि आता अनेक ठिकाणी अधूनमधून मोठी मात्रा देण्याची पद्धत पत्करली जाते. कीट रोखण्यासाठी दिलेली काही फॉस्फरसयुक्त रसायनेही जिवाणूंच्या आहारात भर घालतात. पाण्यात जिवाणू किती आहेत यापेक्षा त्यांच्यासाठी अन्न किती आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, ही समज या क्षेत्रात उशिरा रुजली.

दुर्दैवाने रोजच्या मोजणीत हे अन्न दिसत नाही. पाणी पटलाला योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी गाळ घनता निर्देशांक, तंत्रज्ञांच्या बोलण्यातला एसडीआय, वापरतात. ४७ मिलिमीटर व्यासाच्या आणि ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या चकतीतून ठराविक दाबाखाली ५०० मिलिलिटर पाणी गाळायला सुरुवातीला किती वेळ लागतो आणि १५ मिनिटांनंतर किती, यावरून हा आकडा काढतात. पटल बनवणारे तो ५ च्या आत असावा अशी अट घालतात आणि केंद्रचालक तो ३ च्या खाली राखण्याचा प्रयत्न करतात. हा आकडा कणांबद्दल बोलतो. विरघळलेल्या अन्नाबद्दल काहीच सांगत नाही. निर्देशांक उत्तम असूनही पटले महिन्याभरात बुळबुळीत होण्याची उदाहरणे म्हणूनच घडतात.

चोंदणे ओळखण्याची पद्धत तीन मापांवर उभी आहे: गोड्या पाण्याचा प्रवाह, त्यात उतरणारे मीठ, आणि दाबनळीच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की प्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे ही मापे तापमानासाठी दुरुस्त करूनच वाचावी लागतात. ती तशी वाचली नाहीत तर उन्हाळ्यात चढणारे तापमान चोंदणे झाकून टाकते. दुरुस्त केलेला प्रवाह दहा टक्क्यांनी घटला किंवा दाबाचा फरक पंधरा टक्क्यांनी वाढला की धुलाई करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. आधी अल्कलीने सेंद्रिय थर सैल करायचा आणि मग आम्लाने क्षार विरघळवायचे, हा क्रम महत्त्वाचा, कारण आम्ल आधी दिल्यास सेंद्रिय थर अधिक घट्ट बसू शकतो. प्रत्येक धुलाईबरोबर पटलाचे आयुष्य थोडे घटते. मेलेले जिवाणू जागेवरच राहिले तर पुढच्या पिढीचे खाद्य होतात, म्हणून मारण्यापेक्षा खरवडून बाहेर काढणे आवश्यक असते, आणि गच्च गुंडाळलेल्या चळतीत तेच सर्वांत अवघड असते. सहसा पाच ते सात वर्षे टिकावीत अशी पटले वाईट पाण्यावर त्याच्या कितीतरी आधी फेकून द्यावी लागतात.

किनाऱ्याच्या पाण्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे फ्लोरिडातील टँपा बे येथे दिसले. दिवसाला सुमारे ९५ दशलक्ष लिटर क्षमतेचे तेथील केंद्र २००३ मध्ये सुरू झाले, एका वीजकेंद्राच्या वापरून सोडलेल्या पाण्यावर ते चालायचे होते, आणि पटलांपूर्वीची गाळणी त्या उथळ उपसागराच्या पाण्याला पुरी पडली नाही. हिरव्या शिंपल्यांनी यंत्रणेत घर केले, पटले अपेक्षेपेक्षा फार लवकर चोंदली, आणि पूर्वप्रक्रियेची सारी रचना बदलून केंद्र पूर्ण क्षमतेने चालू होण्यास २००७ साल उजाडले. २००८-०९ मध्ये आखाती देशांच्या किनाऱ्यावर कॉक्लोडिनियम या सूक्ष्म शैवालाची लाल लाट आली आणि ती महिनोनमहिने टिकली. संयुक्त अरब अमिरात आणि ओमानमधील अनेक केंद्रे बंद ठेवावी लागली. त्यानंतर त्या भागात बारीक बुडबुड्यांवर शैवाल तरंगवून वरून काढून टाकणाऱ्या टाक्यांचा वापर वाढला. या दोन्ही ठिकाणी पटल बनवणाऱ्यांची चूक शोधून सापडली नसती.

भारतात या तंत्राचा अनुभव कमी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे दिवसाला १८ लाख लिटर पाणी देणारा पटलांचा आणि ४५ लाख लिटर देणारा उष्णतेवर चालणारा, असे दोन विभाग एकत्र चालवले. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० मध्ये आणि नेम्मेलीला २०१३ मध्ये प्रत्येकी १०० दशलक्ष लिटरची केंद्रे सुरू झाली, आणि २०२४ मध्ये नेम्मेलीला १५० दशलक्ष लिटरचे दुसरे केंद्र आले. पटल मुळीच न वापरणारा मार्गही येथे आहे: राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर पृष्ठभागाचे कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवून त्याची वाफ खोल समुद्रातल्या थंड पाण्याने निववण्याचे, दिवसाला एक लाख लिटरचे केंद्र उभारले. तेथे किनाऱ्याजवळच समुद्र खोल होतो म्हणून ते जमते. मुंबईसमोर मात्र सागरी उथळा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, थंड पाणी फार दूर आहे, आणि हा मार्ग तेथे जमणारा नाही.

मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि ते सात तलावांतून, म्हणजे सर्वस्वी पावसातून येते. पावसावर अवलंबून नसलेला एक तरी स्रोत असावा या हेतूने महापालिकेने मनोरी येथे दिवसाला २०० दशलक्ष लिटर, आणि पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल, असे केंद्र योजले आणि २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी प्रकल्प अहवालासाठी करार केला. हेतू रास्त आहे, आणि दुष्काळाच्या वर्षी त्याचे मोल कळेल. परंतु जागेचा भूगोल डोळ्यांआड करून चालणार नाही. मनोरीच्या लगत मनोरीची खाडी आहे आणि दक्षिणेला मालाडची. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या पावसाळ्याखेरीज मुख्यतः सांडपाणी वाहून याच खाड्यांत आणतात. वरळी आणि वांद्र्याचे सांडपाणी निदान काही किलोमीटर लांबीच्या नळांतून समुद्रात नेले जाते. मालाडचे वर्षानुवर्षे जुजबी प्रक्रियेनंतर खाडीतच सोडले गेले. भरतीच्या वेळी पाणी पाच मीटरपर्यंत चढणाऱ्या या किनाऱ्यावर खाडीचे पाणी ओहोटीबरोबर बाहेर येते आणि भरतीबरोबर परतते. पावसाळ्यात गाळाची भर पडते, आणि अलीकडच्या हिवाळ्यांत रात्रीच्या लाटा निळसर चमकवणाऱ्या नॉक्टिल्यूका या सूक्ष्मजीवाचे थवेही कोकण किनाऱ्याजवळ दिसू लागले आहेत. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस शैवालाला पोसतात, शैवाल जिवाणूंना पोसते, आणि उबदार पाण्यात ही साखळी बारमाही चालते. पटलावर जो थर जमेल त्याची सामग्री अशी मालाड, कांदिवली आणि बोरिवलीच्या गटारांतून येणार आहे.

यावरून प्रकल्पच नको असे म्हणणे चुकीचे ठरेल. पाणी पुरेसे दूर आणि खोल जागेवरून, संथ वेगाने घेता येते; बुडबुड्यांच्या टाक्या आणि अतिसूक्ष्म गाळणी बसवता येते. पण महापालिकेची वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, धारावी, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणची, मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरची नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत, आणि त्यांतील मालाडचे ४५४ दशलक्ष लिटरचे केंद्र हे मनोरीच्या पटलांसाठी कोणत्याही गाळणीइतकेच महत्त्वाचे आहे. दोन खात्यांच्या दोन फायलींत असलेली ही कामे एकाच पाणीपुरवठ्याचे दोन भाग आहेत. खाडी सुधारली तर मासेमारी करणाऱ्या गावांनाही ती परत मिळेल, आणि धुलाईची रसायने व गाळणीचा चिखल सोडण्याबाबत त्यांचे म्हणणे आधी ऐकले जाणे हा न्यायाचा भाग आहे.

पटले सगळीकडे एकाच रीतीने चोंदत नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा पंजाबच्या माळवा भागातील गावांमध्ये विंधन विहिरींच्या खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या लहान आरओ यंत्रांत जिवाणूंपेक्षा कार्बोनेट, सल्फेट आणि सिलिका यांचे कीट अधिक त्रास देते. समुद्रासाठी बेतलेला उपाय तेथे जसाच्या तसा नेला तर तो फसतो.

आता प्रयोगशाळांविषयी. चोंदण्याला विरोध करणारी नवी पटले दरवर्षी मोठ्या संख्येने जाहीर होतात: चांदीचे नॅनोकण घातलेली, ग्राफीन ऑक्साइडची, किंवा एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असल्यामुळे पाणी घट्ट धरून ठेवणारा लेप दिलेली. त्यांची चाचणी सहसा तळहाताएवढ्या तुकड्यावर, काही तास, सोडियम अल्जिनेट किंवा गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन यांच्या द्रावणात होते. या चाचणीत लेप चांगले ठरतात, आणि ते खरेही असते. परंतु समुद्रात थोड्याच वेळात पहिला लेप बसला की नंतर येणाऱ्या जिवाणूला पटलाचा पृष्ठभाग भेटतच नाही, त्याला भेटतो तो आधीचा थर. चांदी हळूहळू विरघळून संपते. म्हणून चिकटूच न देणाऱ्या पटलापेक्षा सहज धुता येणारे पटल, आणि त्याहूनही क्लोरीन सोसणारे पटल, हे ध्येय अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. पॉलिअमाइडच्या रेणूतला क्लोरीनला बळी पडणारा बंध बदलणे हे रसायनशास्त्रज्ञाला साजेसे काम आहे. जाळीच्या आकाराचा अभ्यास तुलनेने उपेक्षित राहिला, वास्तविक वस्ती तेथे सुरू होते.

अशा कामाला खऱ्या पाण्याची नोंद लागते. मनोरीच्या प्रस्तावित जागेवरच्या पाण्यातील गाळ निर्देशांक, हरितद्रव्य, जिवाणूंना पचणारा सेंद्रिय कार्बन, तापमान आणि सांडपाण्याचे अंश यांची भरती-ओहोटीनिहाय, पावसाळा धरून किमान पूर्ण वर्षाची मोजणी झाली, प्रायोगिक पटले त्याच पाण्यावर बारा महिने चालवली गेली, आणि चोंदलेली पटले उलगडून केलेल्या तपासणीसह ही सर्व आकडेवारी निविदेच्या कागदांत बंद न राहता प्रसिद्ध झाली, तर मोहालीतल्या संशोधकाला अल्जिनेटऐवजी मनोरीच्या पाण्याच्या घटकांवर चाचणी बेतता येईल, आणि मुंबईच्या अभियंत्याला पटल निवडताना उत्पादकाच्या माहितीपत्रकापलीकडे काहीतरी हाताशी असेल.